संयमचं लग्न अन माह्यावाला चहा

…अन पान नंबर एकशे बारावर त्यानं माणूस खाल्ला! सांगा आता. तोंड पाहून काय राह्यले, सांगा ना. अकरा महिने म्या त्या दुसऱ्या भागाची वाट पाह्यली, अकरा महिने चहाचा घोट नाई घशाखाली, अन लेखिकाबाई काय करते, तं एकशे बाराव्या पानावर त्या पोट्ट्याले सोसायटीचा वॉचमन खाऊ घालते. पयल्या भागात चारशे पानं त्यानं कोणाले दात लावला नव्हता. मेलेला होता, पण नियमाचा पक्का होता.

थांबा, पयलेपासून सांगते, नाईतं तुमी म्हणसान, मंगरूळपीरची प्रेमाबाई, कापड दुकानवाल्या कैलासचंदची बायको, सत्तरीत आली अन येडी झाली. येडी नाई झाली. माही नात खुशबू बारावीले हाय, ती एक पुस्तक वाचून राह्यली होती. कव्हरवर एक गोरापान पोट्टा, डोळ्याखाली काळं, शर्ट फाटेल. म्या म्हटलं, 'काव, हा बिमार हाय का?' तं म्हणते, 'आजी, झॉम्बी हाय तो. मेलेला हाय, पण चालते. माणसं खाते.' म्या जागेवरच णमोकार म्हटला अन पुस्तक जप्त केलं. आता जप्त केलेलं पुस्तक काय तसंच ठेवायचं? पाह्यलं पाह्यजे ना, पोट्टी काय वाचून राह्यली ते… तं पाह्यता पाह्यता दोन दिवसात आख्खं पाहून झालं.

पोट्ट्याचं नाव संयम. पोट्टीचं नाव चंदना. नावं पाह्यली का, दोन्ही आपल्याच जैनाघरची वाटते. तं त्या संयमले चंदना दिसते, अन तो ठरवते, आजपासून माणूस बंद. बंद म्हणजे बंद. भुकेनं चालता येत नाई, एक बोट गळून पडते, ते चंदना सुईदोऱ्यानं लावून देते, तरी खात नाई. अन माणूस तं सोडलाच, पण आख्ख्या पुस्तकात त्यानं एकदा कांदा खाल्ला असन तं शप्पत. शेवटच्या पानावर चंदना त्याचा थंड हात धरते अन म्हणते, आपण लग्न करू. संपलं. मी अशी रडली, विचारू नका. आमच्या यायले, माह्या मालकाले म्हटलं, 'पाहा, याले म्हणतेत त्याग. तुमच्यानं सुपारी सुटून नाई राह्यली.' हे म्हणे, 'मी जित्ता हाय ना व.'

बरं, दिवस ते पर्युषणाचे. मंदिरात महाराजजी एकेकाले विचारून राह्यले, कोणी तूप सोडून राह्यलं, कोणी साखर. माह्यापाशी आले. 'माताजी, आप क्या छोड़ेंगी? कब तक?' डोक्यात तं माह्या संयमच. त्यानं माणसं सोडली, अन माह्यानं एक चहा नाई सुटत? तोंडातून निघून गेलं, 'चाय. एक लड़के की शादी होने तक.' आख्खं मंदिर हात जोडून 'वा वा' करून राह्यलं. म्या हिशोब केला होता, दोन महिन्यात दुसरा भाग, लग्न, चहा. खुशबूच म्हणाली होती दोन महिने.

तं अकरा महिने लागले! अन तेवढ्यात गावभर झालं, प्रेमाबाईच्या नात्यातल्या पोट्ट्याचं लग्न अडलं. शेजारची सन्मतीची माय तं स्थळ घेऊन आली. 'पोट्टा काय करते?' म्या म्हटलं, 'काई नाई करत, हळूहळू चालते.' 'तब्येत?' 'थंड रायते.' 'खाण्यापिण्याचं?' 'सोडलं त्यानं समदं.' तं हात जोडून म्हणते, 'माय व, केवढा धार्मिक! फोटो द्या.' आता म्या काय कव्हर फाडून देऊ? पण खोटं काय बोलली मी? मेलेला होता, पण नियमाचा पक्का होता.

शेवटी मागच्या आठवड्यात खुशबूनं वाशिमहून दुसरा भाग आणला. आमच्या यायनं स्वतः चहा मांडला, विलायची टाकून, की तिकडं लग्न लागलं की इकडं कप हातात. मी वाचून राह्यली अन हे दर अर्ध्या तासानं चहा गरम करून राह्यले. 'लागलं का व?' 'नाई.' 'आता?' 'आता एक बुलेटवाला आला.' कायले आला तो? कोणी बोलावला? जित्ता, गोरा, जिममधला. अन चंदना, जिनं सुईदोऱ्यानं बोट शिवलं, ती शंभर पानं 'माझं मन कोणावर हाय' करत गच्चीवर बसली! अन त्या दुःखात संयमनं वॉचमन खाल्ला. शेवटच्या पानावर तिघं तीन दिशेले तोंड करून उभे. चहाचा पार काढा झाला होता, यायनंच प्याला.

म्या खुशबूले म्हटलं, लाव त्या लेखिकाबाईले मेसेज. लिही, 'त्याचा नियम काहून मोडला?' उत्तर आलं बरं. 'आजी, तुमचं प्रेम पाहून छान वाटलं. पण कथेत संघर्ष हवा ना! तिसरा भाग दोन वर्षांनी.' दोन वर्षांनी! मी बहात्तर वर्षांची हाय बाई, माह्या कथेत संघर्ष कमी हाय का?

हे म्हणे, 'सोड व, महाराजजीले सांगून प्रायश्चित्त घे अन पी चहा.' म्या म्हटलं, बिलकुल नाई. तिनं मोडला म्हणून मी मोडू? मेलेला होता, पण नियमाचा पक्का होता… मी तं जित्ती हाय. अन मले सांगा, त्या लेखिकाबाईनं संयमसाठी काय सोडलं? भजं तरी सोडलं का? चहा म्या सोडला. मंग पोट्टा कोणाचा झाला? त्याचं लग्न लावायचा हक्क कोणाचा? माहा!

पुस्तकामांगं तीन कोरी पानं होती. घेतला पेन. पयले संयमले वॉचमनच्या घरी नेला, त्याच्या बायकोची माफी मागवली, तीन उपास दिले. बुलेटवाल्याले नोकरी लावून दूर धाडला, परत येऊच नाई दिला. चंदनाले चांगली झाडली. रडली ती, हो म्हणाली. साखरपुडा केला, पंगतीचं ठरवलं, तारीख टाकाले कॅलेंडर काढलं… तं हे मांगून म्हणते, 'चातुर्मास लागला ना व परवा.'

खुशबू म्हणे, 'आजी, तूच लिहून राह्यली ना? टाक ना मे महिन्यातली तारीख.' म्या म्हटलं, मे होऊन गेला, होऊन गेलेल्या महिन्यात कोणाचं लग्न लागते? म्हणे, 'मंग आत्ताच लाव, पुस्तकातलं तं हाय.' पुस्तकातलं असलं म्हणून काय झालं? चातुर्मासात लग्न लावलं असं लोकाईनं म्हणावं? चंदनाच्या बापाले तोंड मले दाखवा लागते.

तं टाकली तारीख. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सकाळी दहा. साडेचार महिने हाय अजून. संयमले काय, तो मेलेलाच हाय, त्याले कायची घाई? डोकं तं माह्यं दुखून राह्यलं.