मालिकेतली बहीण

मी रक्त तपासून घ्यायला बसले होते. मागच्या बाकावर पन्नाशीतल्या दोन बहिणी कालच्या मालिकेवर बोलत होत्या.

"जुळलेलं मोडलं ना शेवटी. चूक त्याचीच, ताई. एकदा ती भेटली नाही, तर कायमचा माघारी गेला."

"त्याला कशाला बोल लावतेस?"

"मग तिला लावू? तो येऊन गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नाही."

"तेच म्हणतेय. चूक तिच्या बहिणीची. दारातूनच त्याला 'ती घरी नाही' म्हणाली. आणि ही आत शिवणयंत्रावर बसलेली."

"ताई, मालिकेत तिला बहीण नाही."

धाकटीनं आवाज खाली आणून विचारलं, "कोण आलं होतं आपल्याकडे?"

"तुझा तो ग्रंथालयातला. उद्या येऊ का, म्हणाला. मी नको म्हटलं."