मशीन नसलेला गेम झोन

—नाही, नाही, त्याच खुर्चीवर बसा भाऊ, फक्त मागं रेलू नका. रेललं की ती सपाट होते. परवा सिंधीपुऱ्याच्या एक काकू ब्लाउजच्या मापाला आल्या, बसल्या तशा आडव्याच झाल्या — मी माप घेऊ का नाडी पाहू! गेमिंग चेअर म्हणतात हिला. सहा आहेत अशा. शिलाईच्या दुकानात कशाला, हे तुमच्या तोंडावर दिसतंच आहे, सगळ्यांच्याच तोंडावर दिसतं. सांगते. आमचे हे यायला अजून वेळ आहे, केळी पिकवायच्या चेंबरवर गाड्या भरून दिल्याशिवाय सुटत नाहीत. आणि तुम्ही एवढ्या उन्हात असीरगडाहून आलात ते काय विचारायला — टीव्ही अन् पोराचं गेमचं मशीन आत्ता घ्यावं का थांबावं? अरे देवा! कोणी सांगितलं, निरंजनभाऊंना विचारा म्हणून? म्हणजे अजून सांगतात लोक! बरं, बसा मग. मी शिवता शिवता बोलते, माझे हात थांबले की तोंडही थांबतं.

ही खोली माझीच होती हो. लग्न होऊन आले तेव्हापासून इथं माझं शिलाईचं मशीन, बाजूला पिकोचं, इथल्या लालबाग मोहल्ल्यात कोणालाही विचारा, वैजयंतीचं ब्लाउज म्हणजे ब्लाउज. अन् हे तेव्हाही चेंबरवरच, फोनमध्ये डोकं घालून. कोणाला क्रिकेटचं वेड असतं, कोणाला तंबाखूचं, यांना पुढं काय येणार त्याचं. जे आलंय त्याच्याशी काही घेणंदेणंच नाही! गेमचं पाच नंबरचं मशीन दुकानात आलं, लोक खेळायला लागले, तर हे म्हणतात, त्याचं आयुष्य संपलं, सहा नंबरचं येतंय, पक्की खबर आहे. कुठून पक्की? तर तैवानच्या कोण्या माणसानं लिहिलंय. त्या तैवानच्या माणसाचं आमच्या घरात जेवढं नाव निघालं नं, तेवढं माझ्या माहेरच्या कोणाचं निघालं नाही. अन् एक दिवस नोकरी सोडूनच आले. म्हणे, वैजयंती, ही खोली लागेल, गेम झोन काढतो. मी म्हटलं, अन् माझं मशीन? म्हणे, स्वयंपाकघराच्या बोळात लाव, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. थोडे दिवस! बोळात पाय पसरायला जागा नाही, मी तिथं गुडघे पोटाशी घेऊन लग्नसराईची शिलाई काढली.

मग काय, रंगीत लाईटच्या पट्ट्या आल्या, एसी आला, ह्या खुर्च्या इंदूरहून ट्रकनं आल्या, भिंतीवर टीव्ही टांगायच्या पट्ट्या ठोकल्या — त्या काय, अजून आहेत, मी त्याच्यावर कापडाचे हँगर लावते. नारळ फोडला, मावा जलेबी वाटली. पोरंसोरं धावत आली, बसली, गोल गोल फिरली, अन् विचारतात, काका, मशीन कुठंय? हे हात मागं बांधून म्हणतात, येतंय. टीव्ही? तोही येतोय. कारण आज घेतलं तर उद्या भंगार होतं नं! शहाणा माणूस थांबतो! पोरं काही शहाणी नव्हती, ती पाणी पिऊन निघून गेली. आणि मग शहाणी मंडळी यायला लागली.

शहाणी म्हणजे कोण — एक धर्मेंद्र, नळाच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, अन् दुसरे लीलाधरकाका, नेपानगरहून रिटायर होऊन आलेले, ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही. रोज दुपारी एसी लावून तिघं. चिप किती बारीक असेल, टीव्हीचा पडदा कोण बनवणार, कोरियावाला का चीनवाला. मला काय, चहा न्यायचा अन् ऐकायचं. एकदा तर भांडण झालं हो, हातघाईवर! कशावरून? नव्या मशीनला डिस्क टाकायची फट असणार का नसणार. धर्मेंद्र म्हणे असणार, काका म्हणे नसणार. जे मशीन अजून जन्मालाच आलं नाही, त्याच्या फटीवरून दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत! माझ्या सासूबाई, मालूबाई, डोईफोडिया गावच्या, साध्या बाई, त्या रोज ऐकायच्या — येणार, येणार, दिवाळीला नक्की येणार. एक दिवस मला हळूच म्हणतात, सूनबाई, कोण पाहुणा आहे गं एवढा मोठा? खाटेवर चादर तरी बदलून ठेवू का?

हसा, हसा. मीही हसले होते. पण हसू कुठं थांबलं सांगू का — यांच्या डोक्यात बसलं की खरा पैसा मशीनमध्ये नाही, पडद्यामध्ये आहे. मशीन कोणाचंही असो, माणसाचा डोळा पडद्यावरच असणार. वाक्य तर चांगलं आहे नं? मलाही चांगलं वाटलं. अन् दुसऱ्या दिवशी माझं पिकोचं मशीन विकून पडदे बनवणाऱ्या कोण्या कंपनीचे शेअर घेऊन आले. न विचारता. मी भाजी घेऊन परत आले तर बोळात मशीनच्या जागी तेलाचे डाग. त्या कंपनीनं पुढं पडदे बनवायचेच सोडून दिले, असं ऐकलं. तेव्हापासून माझ्याकडच्या साड्या पिकोला शीतलकडे जातात, समोरच्या गल्लीत. ती काम बरं करते. बरंच करते. धागा जरा जाड घालते, पण जाऊ द्या.

तर झालं काय — आमची पोरगी तृप्ती इंदूरला शिकते, ती सुट्टीत आली. येताना हॉस्टेलच्या कोण्या मैत्रिणीचं जुनंपुराणं मशीन घेऊन आली, फुकटात. दोन नंबरचं! म्हणजे विचार करा, हे सहाची वाट पाहतात अन् घरात आलं दोन. सासूबाईंचा तो कुबडवाला टीव्ही उचलून आम्ही दोघींनी इथं आणून ठेवला, वायरी खोचल्या, अन् लागलं की हो! गाड्यांची शर्यत. हे तेव्हा इंदूरलाच, कसलंसं प्रदर्शन होतं तिकडं, नवे पडदे बघायला गेलेले. पहिल्या बसल्या सासूबाई. गाडी सरळ नेऊन भिंतीत घालायच्या अन् टाळ्या पिटायच्या. मग गल्लीतली पोरं, मग त्यांच्या आया, मग धर्मेंद्र दुकान सोडून. ह्या सहाच्या सहा खुर्च्या पहिल्यांदा भरल्या. दारात चपलांचा हा ढीग! मी चहा करायचं सोडून आत उभी — खोटं कशाला बोलू, मीही दोन डाव खेळले, अन् धर्मेंद्रला हरवलं.

अन् त्या गोंधळात हे आले. हातात प्रदर्शनातली कागदी पिशवी. दारात उभे राहिले, आम्हाला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. टीव्हीसमोर आले, वाकून पाहिलं अन् म्हणाले, अहो, कडा बघा किती जाड दिसतात, ही गाडी आहे का वीट? चांगलं समजावून सांगायला लागले, हात करून करून. खरंच होतं त्यांचं, विटेसारखीच दिसत होती. पण कोण ऐकतंय? आणि लीलाधरकाका, ज्यांना यांनी एवढे दिवस एसीत बसवून चहा पाजला, ते रिमोट हातात घट्ट धरून म्हणतात — निरंजन, बाजूला हो रे, दिसत नाही.

बाजूला झाले. पिशवी तिथं कोपऱ्यात ठेवली अन् वर गेले. जेवायला हाक मारली तर म्हणे भूक नाही. सोमवारी चेंबरवर जाऊन उभे राहिले, मालकानं परत घेतलं. तृप्ती मशीन घेऊन गेली, मी माझं शिलाईचं मशीन बोळातून बाहेर काढून ह्या खिडकीपाशी लावलं. मला खोली मिळाली. जिंकलेच म्हणा की मी! सगळे म्हणतात, बरं झालं वहिनी, भाऊ ताळ्यावर आले.

हो, ताळ्यावर आले. येतात, जेवतात, झोपतात. भाजीत मीठ कमी का जास्त, तेही सांगत नाहीत. पूर्वी ताटावर बसले की सुरू — बघ वैजयंती, आपल्या टीव्हीत मागून एकच उजेड, म्हणून काळा रंग राखेसारखा दिसतो, नव्या पडद्यात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा दिवा, काळा हवा तिथं दिवा बंदच, म्हणजे काळा अमावस्येसारखा काळा. अन् ते दिवे विझत जातात म्हणून आता त्याहून बारीक, दगडासारखे टिकणारे दिवे काढतायत, एकेक उचलून लावावा लागतो, म्हणून महाग... तुम्हाला कळतंय नं? मला कळायचं. मी म्हणायची, पुरे करा, पोळी थंड होते. पण दुसरं कोण होतं हो आमच्या गल्लीत, बायकोशी जेवताना अमावस्येच्या गोष्टी करणारं? बाकीच्यांच्या घरात किराणा नाही तर नातेवाईक.

आता मीच पाहते कधीमधी फोनवर. तो तैवानचा माणूस काय लिहितो ते. सहज हो! दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. परवा लिहिलं होतं, फट असणारच, वेगळी जोडायची म्हणे. म्हणजे धर्मेंद्रही बरोबर अन् काकाही. मला एवढं हसू आलं, वाटलं यांना सांगावं. मग... नाही सांगितलं. कसं सांगणार? म्हणून म्हणते, तुम्ही आलात ते बरं झालं. परक्या माणसानं विचारलं की माणूस बोलतो. नीट विचारा, घाई करू नका, आत्ता घेऊ का थांबू, एवढंच. अन् थांबा म्हणाले तर का थांबू विचारा. मग बघा कसे खुलतात. मी चहा ठेवते, आलं घालून.

स्कूटर वाजली. आलेच.

—अहो, हे असीरगडाहून आलेत, तुमच्यासाठीच. टीव्ही घ्यायचाय यांना, मोठा, अन् मुलाला ते मशीन. विचारतात, आत्ता घ्यावं का — हां, भाऊ, तुम्हीच विचारा नं...

काय?

जे मिळतंय ते घ्या? — अहो, एवढंच? अहो, ते नव्या पडद्याचं तरी सांगा नं यांना, एवढ्या लांबून आलेत. बसा तरी जरा. बूट तरी...

गेले वर.

...

ऐकलंत नं भाऊ? मिळतंय ते घ्या म्हणाले. मग घ्या की! माझ्याकडं काय बघता? मी शिलाईवाली आहे, मला टीव्हीतलं काय कळतं. उठा आता, मला ती खुर्ची लागते. आणि जाताना दार ओढून घ्या.