पणजोबांची अस्सल पगडी

सिनेमातल्या मराठा शिपायांच्या पगड्या चुकीच्या असतात, असं मी सगळ्यांना ऐकवत असते. ह्यांचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते ना! त्यामुळे इथे बडोद्यात शूटिंग आलं, तेव्हा मी त्यांच्या कपडेपटवाल्यांना अकोट्याला घरीच बोलावलं. चहा दिला आणि कपाटातली पगडी ऐटीत पुढे ठेवली.

"ही अस्सल. हिच्यावरून करा."

त्यांनी ती उलटी केली. "बेन, आत तर टेरिकॉट छापलंय."

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"अगं, ही तुझ्याच लग्नात माझ्या लेकाने घातलेली," त्या म्हणाल्या. "पणजोबांची मी कधीच बोहारणीला दिली. आत्ता चहा केलास ना, ते पातेलं तिच्यावरच आलंय."

कपडेपटवाल्यांनी पातेल्याचा फोटो काढून नेला.