खांद्याची उंची

पणजी नतालिया, आजी बेनिग्ना आणि आई क्लेमेन्सिया यांच्यानंतर गुड फ्रायडेला मारियामातेची पालखी वाहणाऱ्या एउफेमिया, ज्यांना सगळे मानाने ‘डोन्या’ म्हणत, अँटिग्वा गावातल्या चर्चच्या दारात खांदे मोजण्याच्या रांगेत उभ्या होत्या. पालखी कलू नये म्हणून समान उंचीच्या दोघींचीच जोडी लागे. मागे शेजारीण ओटिलिया होती.

“देवावर माझं जिवापाड प्रेम आहे. शेजाऱ्यांवरही आहे, फक्त डावीकडचं घर सोडून,” एउफेमिया म्हणाल्या.

“डावीकडे मीच राहते, डोन्या.”

“मी भिंतीशी बोलतेय.”

“मग मीही भिंतीलाच सांगते. त्या वर्षी पालखीखाली तुम्हांला चक्कर आली, तेव्हा तुमचंही ओझं मीच पेललं. यंदा माझी उंची घटली. जोडीला कुणी नाही, म्हणून मला वगळणार.”

मोजपट्टी खांद्याला लागताच एउफेमियांनी झग्याआड गुडघे वाकवले.

“डोन्या, पार ठेंगण्या झालात,” मोजणारा म्हणाला.

“वय झालं. माझी जोडी मागच्या हिच्याशी लिही. आणि हिला सांग, त्या चक्करेच्या दिवसाचं देणं फिटलं.”