उष्टी हवा

आमच्या कंधारच्या मामांचा कुणावरच भरवसा नाही. पाणीसुद्धा तांब्याला ओठ न लावता वरूनच पिणार. मी कोकणात समुद्रातले मासे बघायला जाणार म्हणून नांदेडला अख्खं तोंड झाकणारा स्नॉर्कलिंगचा मास्क घ्यायला गेलो, तर मामा सोबत आलेच.

दुकानदार म्हणाला, "बिनधास्त घ्या. या नळीतून हवा येती."

"आन् सोडलेली कुठून जाती?"

"त्याच नळीतून की."

"म्हंजी पोरानं सोडलेली उष्टी हवा पुन्हा वढायची?"

मी हसलो. मामांनी तो मास्क माझ्याच तोंडावर चढवला. "आता जिना चढ-उतर कर."

थोड्याच वेळात डोकं गरगरलं. मी मास्क ओढून काढला अन् पायरीवरच बसलो.

दुकानदारानं गुपचूप आतून दुसरा आणला. त्यात श्वास घ्यायची वाट वेगळी, सोडायची वेगळी.

"हा आधी का न्हाई दाखवला?"

"गिऱ्हाईक इचारतच न्हाई, काका."

"मंग आता तूच घाल अन् चढ जिना."

बिचारा घालून चढला, उतरला, ठणठणीत. मास्क काढून पुसायला लागला.

"चांगला हाय," मामा म्हणाले. "आता असाच कोरा दे. हा तू उष्टा केलास."