धुराकडची भिंत

(कुरासाव बेट, डिसेंबरअखेर. बंद पडलेल्या तेल-रिफायनरीसमोरची वस्ती. नव्या वर्षाचा रंग देण्याआधी म्हाताऱ्या एर्मेलिंडाच्या घराची बाहेरची भिंत तिची नात झुलायका खरवडते आहे. नात रॉटरडॅमहून पहिल्यांदाच आली आहे.)

झुलायका : बाकीच्या तीन भिंतींना रंगाचे थोडेच थर आहेत, आजी. हिला केवढे! मोजता मोजता चुकले मी.

एर्मेलिंडा : हिचं तोंड धुराड्याकडे ना. वारा बारा महिने तिकडूनच. वर्षभरात काळीपिवळी व्हायची. आणि नव्या वर्षाला कळकट घर? शेजारणींनी जगू दिलं नसतं.

झुलायका : सगळ्यात खाली पांढरं काय आहे?

एर्मेलिंडा : चुना. तुझा आजोबा मदेइरा बेटावरून बोटीनं आला, रिफायनरीत टाक्या धुवायला लागला, तेव्हाचा. बोट भरून पोरं आलेली. निम्म्यांना पोहतासुद्धा येत नव्हतं!

झुलायका : आणि हा जाडजूड गुलाबी?

एर्मेलिंडा : ओव्हरटाइमचा. त्याच साली फ्रीज आला. गल्ली लोटायची, नुसतं गार पाणी प्यायला.

झुलायका : त्याच्यावरचा अगदीच पाणचट आहे.

एर्मेलिंडा : नवी यंत्रं आली, निम्मी माणसं घरी बसली. आजोबा वाचला, पगार मात्र आटला. मग घातलं रंगात पाणी. त्या धुराड्यानंच जेवू घातलं बाई, आणि त्यानंच खोकायला लावलं.

झुलायका : थांब, थांब. इथे रंगच नाही. नुसती काजळी. एका वर्षाची नसणार ही.

एर्मेलिंडा : दोन. पुरे आता, हात धू. सरबत केलंय.

झुलायका : का नाही रंगवलं?

एर्मेलिंडा : बापावर गेलीस हो! त्यालाही असंच सगळं विचारायचं असायचं.

झुलायका : बाबांना रॉटरडॅमला तुझ्या बहिणीकडे पाठवलंत, ती वर्षं का ही? ते म्हणतात, आईबापांनी नोकरी ठेवली आणि मुलगा पाठवून दिला. म्हणून तर ते येत नाहीत इथे.

एर्मेलिंडा : असं म्हणतो?

झुलायका : असंच.

एर्मेलिंडा : सात वर्षांचं पोर. धूर खाली उतरला की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाला, वारा काही बदलायचा नाही, पोराची जागा बदला. तिघांनी जायचं तर तिकडे खायचं काय? त्याला बोटीवर चढवून आलो, आणि आजोबानं ब्रशला हात लावला नाही. म्हणाला, कुणासाठी रंगवू?

झुलायका : पण यावर निळा आहे. आणि मग सगळे निळेच!

एर्मेलिंडा : दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. “आई, आपल्या घराचा रंग कुठला? मला आठवत नाही.” उत्तर लिहायच्या आधी मी शिडी लावली. “निळा” असं कळवलं. मग दर डिसेंबरला तोच. आला कधी, तर घर सापडायला हवं.

झुलायका : त्यांना फोन लावते. या निळ्याचं सांगते.

एर्मेलिंडा : ते नको. त्याला वाटेल, म्हातारी उपकार मोजतेय.

झुलायका : मग काय सांगू?

एर्मेलिंडा : भिंत आता काळी होत नाही, एवढंच सांग.