जरा खाली सरका

नको, नको, मला खुर्ची नको, बसा तुम्ही, उठू नका हो… खुर्चीचं तर माझ्यासमोर नावच काढू नका, मी उभाच बरा, निम्मा जन्म उभ्याने गेलाय माझा, न्हावी आहे मी, त्या वळणावरचं सलून माझंच. आणि तुम्ही मघापासून हळूच मान चोळताय ना, आणि तुम्ही ती गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर घेऊन बसलाय, आणि ते कोपराला पट्टा बांधलेले टेनिसवाले, तुम्हा सगळ्यांनाच सांगतो, दुखणं तुमचं खरं आहे, पण ते कुठून आलं हे तुम्हाला वाटतं ते नाहीच. माझंच बघा. ऐका, तेवढाच वेळ जाईल.

हा माझा उजवा खांदा. कात्रीचा खांदा. दीड वर्षापूर्वी कुरकुरायला लागला, मी म्हटलं कुरकुरू दे, घरात मी सोडून सगळेच कुरकुरतात. मग एक दिवस हात डोक्यापर्यंत जाईना. मग कानापर्यंत जाईना. शेवटी शेवटी तुम्हाला सांगतो, शर्ट मला बायको घालायची आणि केसही तीच विंचरायची. म्हणजे सगळ्या गल्लीचे भांग मी पाडणार आणि माझा भांग बायको पाडणार, तोही चुकीच्या बाजूला. एकदा म्हटलं, 'अगं, डावीकडे,' तर म्हणाली, 'हात दुखतोय ना तुमचा? मग तोंडालाही जरा विश्रांती द्या.'

उपाय केले नाहीत असं नाही. मलम झालं, तेल झालं, मेहुण्याने आणलेला पट्टा झाला, समोरच्या शिंप्याने सांगितलं म्हणून दुखऱ्या कुशीवरच झोपलो, का, तर म्हणे भार पडला की खांदा मोकळा होतो… झाला ना मोकळा, मीच मोकळा झालो, दोन दिवस दुकान बंद. गिऱ्हाइकं तुटायला लागली. माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला मोबाइलवाला येऊन दुकानाच्या भिंती मोजून गेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी सगळ्या कात्र्या पुसून पेटीत ठेवल्या, पेटी बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून रडलो. दुसरं येतं काय मला? काहीच येत नाही.

तेव्हा बायको म्हणाली, घड्याळजीच्या धाकटीकडे जा. म्हणजे ह्याच, तुमच्या फिजिओ मॅडम. तुमच्यासाठी मॅडम हो, मी तिला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून वर बसवायचो आणि केस कापायचो, आणि पोरगी अशी हलायची, अशी हलायची, की मी सारखा ओरडायचो, 'हलू नकोस गं, कान जाईल.' आणि आता मी तिच्यासमोर हात पोटाशी धरून बसलोय आणि ती म्हणतेय, 'काका, हलवा.' 'दुखतं गं.' 'दुखेल तिथे थांबा, पण हलवा.' काळ कसा सूड घेतो बघा.

आणि व्यायाम काय दिला, तर डावा हात टेबलावर टेकायचा, पुढे वाकायचं आणि उजवा हात नुसता सोडून द्यायचा, लंबकासारखा, डुलू द्यायचा. घड्याळजीची मुलगी, तिला दुसरं काय सुचणार? मग भिंतीवर बोटं चालवायची, मुंगी चढते तशी, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण, आणि उद्या खुणेच्या जरासं वर. मी म्हटलं, 'आणि गोळी?' 'हेच.' 'इंजेक्शन?' 'काका, हेच.' मी म्हटलं, एवढ्यासाठी ही पोरगी इतकी वर्षं शिकली?

पण केलं हो. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये भिंतीकडे तोंड करून उभा, बोटं चालवतोय… पहिल्यांदा आलेला माणूस दारातूनच परत जायचा. आणि खूण चढायला लागली की खरंच. खिळ्यापर्यंत गेली, स्विचपर्यंत गेली, आणि तिथे जी बसली ती हलेना. रात्री शेकावं, सकाळी जरा बरं वाटावं, आणि दुकान बंद करेपर्यंत खांदा पुन्हा लाकूड. पोरगी म्हणाली, 'काका, व्यायाम तुम्ही नीट करताय. मग दिवसभर असं काय करताय? मी दुकानात येते. काम करताना बघू द्या मला.'

आली. मी आरसा पुसून ठेवलेला, नवं कापड काढलेलं. तिला खुर्चीत बसवलं आणि रोजच्या सवयीने म्हटलं, 'जरा खाली सरक.'

'का?' म्हणाली.

आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, 'का म्हणजे, खुर्ची उंच आहे.'

'मग खाली घ्या.'

'जात नाही. पंप अडकलाय.'

'कधीपासून?'

'झाली अकरा वर्षं.'

आता त्यात काय एवढं? मी उंचीला असा बेताचा, खुर्ची अडकलेली अशी वर, तर माणसालाच म्हणायचं जरा खाली सरका, माणूस सरकतो, काम होतं. ती सरकली. पाठ सुटली, हनुवटी छातीत, मी कात्री चालवायला लागलो आणि ती त्या अवस्थेतूनच म्हणाली, 'काका, आरशात बघा. माझ्याकडे नको, तुमचं कोपर कुठे आहे ते बघा.' बघितलं. कानाशी. अहो, तीस वर्षं रोज त्या आरशात बघतोय, हजारो डोकी बघितली, माझं स्वतःचं कोपर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, 'दिवसभर असा हात वर टांगून ठेवलात तर कुठला खांदा टिकेल?'

आणि मग तिने एकदम मान वर केली. मला वाटलं केसाला ओढ बसली. तर म्हणते, 'काका, पोस्टमन तुमच्याकडेच येतात ना? आणि बँकेतले कॅशियर? आणि ड्रॉइंगचे मास्तर?' मी छाती फुगवून म्हटलं, 'वर्षानुवर्षं.'

'तिघंही माझ्याकडे येतात. मानेला.'

मी म्हटलं, 'योगायोग.' ती म्हणाली, 'असेल, पोस्टमनची पिशवी आहे, कॅशियरांचा कॉम्प्युटर आहे, सगळं तुमच्या माथी नाही मारत. पण दुखऱ्या मानेला अर्धा तास असं मोडून ठेवायचं म्हणजे… आणि शेवटी तुम्ही ती कट्ट करून मोडता ना?' मी म्हटलं, 'फुकट करतो.' कापडाखालून हात काढून तिने कपाळावर मारून घेतला. 'काका, आजपासून बंद. कुणाचीही मान कट्ट करायची नाही.'

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याला बोलावलं. त्याने पंप उघडला, आणि आत काय असावं? केस. अकरा वर्षांचे केस, सगळ्या गल्लीचे, काळे, पांढरे, रंगवलेले, एक उशी भरली असती. वीस मिनिटांचं काम! वीस मिनिटांसाठी मी अकरा वर्षं माणसं सरकवली. खुर्ची फुस्स करून जी खाली गेली, मी आणि सायकलवाला नुसते बघतच राहिलो.

मग काय, कोपर अंगाजवळ, भार दोन्ही पायांवर, फोन खांद्यात धरून बोलायचं नाही, दर दोन डोक्यांनंतर लंबक. खूण स्विच सोडून वर निघाली. आणि एक दिवस सकाळी मी शर्ट घेतला, ही बाही, ती बाही, वरचं बटण… बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. म्हणाली, 'घातला?' म्हटलं, 'घातला.' कप ठेवला, फणी घेतली आणि माझा भांग पाडायला लागली. म्हटलं, 'अगं, आता येतं मला.' म्हणाली, 'येऊ दे.' पाडला चुकीच्याच बाजूला. मी तसाच दुकानात गेलो. त्या दिवशी मोबाइलवाल्याला सांगितलं, भिंती मोजू नकोस आता. तुम्हाला सांगतो, त्या घड्याळजीच्या धाकटीने माझा हात मला परत दिला, हे उपकार मी जन्मात विसरायचो नाही. म्हणून म्हणतो, ती सांगते ते करा, हसू नका, लंबक तर लंबक.

काय म्हणालात? मग मी आज इथे कशाला?

आता विचारलंतच म्हणून… अहो, खुर्ची खाली गेली ना, ती अकरा वर्षांनी गेलीय. बुटकं गिऱ्हाईक आलं तर वर घ्यायला हवी, कळतंय मला, पण धीर होत नाही. वर गेली आणि पुन्हा तिथेच बसली तर? म्हणून ठेवलीय तळाला. त्यात माणसांना सवय लागलेली, मी तोंड उघडायच्या आत आपापली खाली सरकतात, 'अहो वर या, वर या' म्हणून माझा घसा बसला. आता एकेकाचे केस मी पार ओणवा होऊन कापतो. खांदा कसा, लोण्यासारखा फिरतोय, पण कंबर… बसताच येत नाही. तुम्हाला वाटलं मी मानाने खुर्ची नाकारली?

आलो गं, आलो. माझाच नंबर. आता मी त्या टेबलावर पालथा पडणार आणि ती काय म्हणणार ते मला पाठ झालंय. 'काका, जरा खाली सरका.' सरकतो. अकरा वर्षं सगळी गल्ली माझ्यासाठी सरकली, त्या पोरीशिवाय एकानेही 'का?' म्हणून विचारलं नाही. मी तरी आता कुठल्या तोंडाने विचारू.